बर्फाचे टायर

सनाया नंबर दहा. डिसेंबरची सकाळ.
इथं थंडी म्हणजे एवढंच
की पाना हाताला भाजत नाही.

हमूद आला जुन्या लँडक्रूझरमधून
आणि म्हणाला, बर्फाचे टायर पाहिजेत.
फैय्याज मुकादम हसला,
मंडणगडी हसू, नाकातून.
कुंजुमोन शेठ हसला नाही.
गिऱ्हाईक उंटासाठी नाल मागू दे,
तो आधी माप विचारतो.

तीन आठवड्यांनी कंटेनरमधून चार नग उतरले.
बाजूवर तीन शिखरांचा डोंगर कोरलेला,
त्याच्या पोटात एक चांदणी. ती म्हणे बर्फाची.
अंगठा दाबला तर रबर दबलं
तान्ह्या पोराच्या टाळूसारखं.
वर बारीक बारीक चिरा,
मसाला आत शिरावा म्हणून
सुरमईच्या तुकडीला देतात तशा.

बर्फ मला ठाऊक तो हर्णै बंदरातला,
भुसा लागलेला,
पापलेटांच्या डोळ्यांवर चुरा करून टाकलेला.
त्याच्यावर गाडी कशी चालते
देव जाणे.

हमूदला म्हटलं, हे इथं घालू नकोस,
शारजाचं दुपारचं डांबर
जानेवारीतसुद्धा यांना लोण्यासारखं खाईल.
वेगळ्या रिमांवर चढवून देतो, साध्या, काळ्या, लोखंडी.
टपावर बांध. बोटीनं बंदर अब्बास,
मग वर, वर, तबरीझपर्यंत,
आणि पहिला पांढरा डोंगर दिसला
की थांब आणि बदल.
मी? तो म्हणाला.
साठीचा माणूस. मनगटाला अत्तर.
मग काय मी येऊ?

तासभर शिकवलं.
जॅकखाली फळी ठेव, मऊ जमिनीत बुडतो.
नट आधी सैल कर, गाडी नंतर उचल.
आवळताना गोल गोल जाऊ नकोस,
एक इथला, मग त्याच्या समोरचा.
तो अरबीत मोजायचा, मी मराठीत,
सहाव्याला दोघं एकदम पोचायचो.

कशाला चाललास, हे विचारायचं नसतं.
फैय्याजनं विचारलं.
हमूद पान्याकडे बघत म्हणाला,
धाकटीनं तिकडे लग्न केलंय, एर्झुरुमला.
दोन वर्षं झाली. मी बोललो नव्हतो.
आता बोलतो तर म्हणते, बाबा, उन्हाळ्यात या.
उन्हाळ्यात काय,
कुणीही जाईल.

चारही चाकं मशीनवर फिरवली.
तिसरं थरथरत होतं, पस्तीस ग्रॅम मागत होतं.
रिमच्या कडेला शिसं ठोकलं,
पुन्हा फिरवलं.
शून्य. शून्य.
या धंद्यात मला आवडतं ते एवढंच,
आणि ते सांगायला गेलं तर
समोरचा बिल मागतो.

मार्चमध्ये आला. टायर टपावर,
अंगठ्याचं नख काळंनिळं.
म्हणजे बदलले होते, स्वतःच.
फैय्याजनं विचारलं, बर्फ कसा?
हमूदनं चहा संपवला,
पेपरकप चुरगळला, मग म्हणाला,
आवाज नाही.

हे विकून टाक, म्हणाला.
कुणाला? शेठनं दोन्ही हात पसरले,
बाहेर धूळ, ट्रक, रखरखीत उजेड.
मग ठेव, हमूद म्हणाला.
पुढच्या जानेवारीपर्यंत.
आणि भाडं किती ते न विचारता गेला.

उन्हात ते तडकतील म्हणून
शेठच्या एसी केबिनमध्ये रचलेत, एकावर एक.
वर मांजर झोपते. सनायातली सगळ्यात सुखी मांजर.

आत न्यायच्या आधी
स्क्रूड्रायव्हरनं खाचा साफ करत होतो.
वाळू, वाळू, बाटलीचं बूच,
आणि तिसऱ्या चाकात, खोल,
एक करडा खडा, टोकदार. इथला नव्हे.
तो शिशाच्या डब्यात टाकला.
वजनं काढायला डबा हलवतो
तेव्हा त्याचा आवाज
वेगळा येतो.